राहतं घर

कायदा मंजूर झाल्याची बातमी आली त्या संध्याकाळी बेंडाळे सरांनी सोसायटीत घरोघरी जाऊन पेढे दिले. दार उघडणाऱ्यांपैकी निम्म्यांना कसला कायदा तेच माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "सर, तुम्हाला कशाला एवढा आनंद? तुम्ही काय आता भाड्यानं राहता?"

"आता नाही. पण अर्धं आयुष्य राहिलो," सर म्हणाले.

श्रीरंग बेंडाळे भुसावळहून पुण्याला आले ते एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला. इथेच त्यांचं हेमांगीशी लग्न झालं, ओजस झाला, तो शाळेत गेला, इंजिनियर झाला. हे सगळं भाड्याच्या घरांत. अकरा महिन्यांचा करार, आणि तो संपत आला की मालकाचा फोन. कधी मालकाची मुलगी राहायला येणार असायची, कधी भाचा. कधी नुसतंच, "सर, बाजारभाव बघा आणि सांगा." हेमांगीनं कुठल्याच घराला पडदे शिवले नाहीत, कारण पुढच्या घराच्या खिडक्यांचं माप वेगळं असायचं. निवृत्त झाल्यावर सर भाडेकरू परिषदेत गेले ते या रागापोटी.

तोवर शहराची तऱ्हा आणखी बिघडली होती. नर्सा, शिक्षक, बसचे ड्रायव्हर रोज यवतहून आणि शिरवळहून ये-जा करत होते, कारण पुण्यात त्यांना भाडं झेपत नव्हतं. आणि त्याच पुण्यात पाचातलं एक घर कुलूप लावून बंद होतं. ती गुंतवणुकीची घरं. भाव चढेपर्यंत ती तशीच ठेवायची, भाडेकरूची कटकट नको. परिषदेची मागणी साधी होती. जे घर राहतं नाही ते महापालिकेच्या भाडेसूचीत जावं, भाडं महापालिकेनं ठरवावं, आणि भाडेकरूला पाच वर्षं कुणी हलवू नये.

अडचण एकच होती. घर राहतं आहे की नाही, हे ठरवायचं कसं? वीजबिलावरून ठरवलं असतं तर मालकांनी रिकाम्या घरात पंखे फिरते ठेवले असते. पाण्याच्या मीटरवरून ठरवलं असतं तर नळ सोडून दिले असते. लोकांच्या घरात कॅमेरे लावायला कोर्टानं नकार दिला.

मग ते नाक आलं. सरकारी नाव होतं निवासमापक, पण पहिल्या आठवड्यापासून सगळे त्याला नाकच म्हणायला लागले.

परिषदेच्या सभांमध्ये ते समजावून सांगायचं काम बेंडाळे सरांकडे असे. काडेपेटीएवढी डबी हातात धरून ते सांगायचे, "आपण श्वास सोडतो तेव्हा त्यात नुसता कार्बन डायऑक्साइड नसतो. यकृत, स्नायू, आतड्यातले जिवाणू हे सगळे आपापले वायू रक्तात सोडतात, आणि ते फुप्फुसातून बाहेर येतात. अ‍ॅसिटोन, आयसोप्रीन, अमोनिया, असे शेकडो. प्रमाण अगदी किंचित. पण ही सगळी प्रमाणं एकत्र धरली, की दोन माणसांत ती सारखी सापडत नाहीत. आवाज सारखा नसतो, तसंच."

डबीच्या आत नखाएवढी चकती होती आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे शेकडो पापुद्रे. एकेक पापुद्रा एकेका वायूसाठी बनवलेला. त्या वायूचा रेणू येऊन बसला की पापुद्र्यातून वाहणारी वीज जराशी बदलायची. झोपायच्या खोलीत डबी लावली की ती पहिले काही दिवस तिथे झोपणाऱ्या माणसाचा श्वास ओळखून घ्यायची. नंतर रोज रात्री तिला एकच प्रश्न असायचा, आज तोच माणूस आहे का? महापालिकेकडे फक्त हो किंवा नाही एवढं जायचं. आणि एका श्वासावर एकच घर, म्हणजे एकाच माणसाला चार घरांत नाचवता येऊ नये.

"पण सर, हिला आपले रोग कळणार," सभेत कुणीतरी विचारायचंच. "कोण पितं, कुणाला दिवस गेलेत, सगळं."

त्यावर सरांकडे उत्तर तयार असे. परिषद स्वतःच त्यासाठी हायकोर्टात गेली होती. सरांनी शपथपत्र केलं होतं, साक्ष दिली होती. डबीनं श्वास ओळखायचा, वाचायचा नाही, असा निकाल त्यांनी मिळवला होता. कंपनीला तशी चकती बनवावी लागली. सर अभिमानानं म्हणायचे, "या नाकाला माणूस कळतो. माणसाचं काय चाललंय ते कळत नाही."

ओजसचा फोन कायदा लागू व्हायच्या महिनाभर आधी आला. ओजस रॉटरडॅमला होता. बंदरावरच्या यंत्रांचं काहीतरी मोठं काम करायचा. वारज्याचं घर त्यानंच घेतलं होतं, आईबाबांना शेवटी एकदा स्वतःचं म्हणता येईल असं घर मिळावं म्हणून. त्याच्यामागोमाग वाघोलीत दुसरा फ्लॅट घेतला होता. तो घेतल्यापासून बंदच होता.

"बाबा, वाघोलीचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"भाड्यानं दे."

"पाच वर्षं भाडेकरू बसला की तो फ्लॅट भाडेकरूसकट कोण घेणार? मला दोनेक वर्षांत विकायचाय. रिंग रोड झाला की."

"मग आत्ता विक."

"आत्ता सगळेच विकायला काढतायत, बाबा. तुमच्या कायद्यामुळे. निम्म्या किमतीत जाईल. मी काय म्हणतो, तुमच्यापैकी एक जण तिथं राहिला तर? फक्त रात्री. दिवसा तुम्ही कुठंही असा."

सरांना आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हसले. "ओजस, अरे, मी या कायद्यासाठी उपोषणाला बसलो होतो."

"कायदा रिकाम्या घरांसाठी आहे ना? हे रिकामं नसेल. आई राहील. सगळं कायद्यात बसतंय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "वारज्याचं घर घेताना मी असा विचार केला होता का, बाबा?"

फोन स्पीकरवर होता. हेमांगी टेबलापाशी मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ घरात मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज होता.

"मी जाते," ती म्हणाली. "तुमचे गुडघे असे. तुमची परिषद, तुमचा डॉक्टर, सगळं इकडे. दोन वर्षं काय, बघता बघता जातील."

सरांच्या मनात बरंच काही आलं. हे चूक आहे. आपण म्हातारे झालो. मला रात्री तुझ्याशिवाय झोप यायची नाही. पण मुलाचे उपकार होते, आणि त्या उपकारांच्या छताखाली बसूनच हा विचार करायचा होता. ते म्हणाले, "गाद्या कुठल्या नेशील?"

तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "नेईन कुठल्यातरी," म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

वाघोलीची इमारत उंच होती आणि नवी असूनही भिंतींना ओल आली होती. हेमांगीचं घर अकराव्या मजल्यावर. सामान लावायला सर गेले तेव्हा त्यांना वाटलं, निम्मी इमारत रिकामी असेल. तशी ती नव्हती. संध्याकाळी खाली बागेत उतरल्यावर त्यांना सगळीकडे म्हातारी माणसंच दिसली. बाकांवर, पायऱ्यांवर, लिफ्टपाशी, एकेकटी. हेमांगीच्या शेजारच्या दारात शैलजा कुंजीर म्हणून सासवडच्या एक बाई राहत होत्या. त्यांनी हसत हसत विचारलं, "तुमचा मुलगा कुठं?"

"रॉटरडॅमला."

"आमचा मेलबर्नला. यांना सासवडच्या घरात ठेवलंय, मला इथं. वरच्या मजल्यावरच्यांचे दोघं मुलगे अमेरिकेत. नवरा खराडीला, बायको इथं." त्यांनी इमारतीकडे बोट केलं. दिवेलागणीची वेळ होती आणि जवळजवळ प्रत्येक घरात एकेक खिडकी उजळली होती. दोन खिडक्या उजळलेलं घर दिसत नव्हतं. "सगळं राहतं आहे हो," कुंजीरबाई म्हणाल्या. "एकही घर रिकामं नाही."

पहिले काही महिने सर रोज जायचे. दोन मेट्रो आणि एक बस. हेमांगी जेवण करून ठेवायची, दोघं बरोबर जेवायचे, आणि चार वाजले की सर परत निघायचे, कारण रात्री वारज्याच्या डबीला त्यांचाच श्वास लागायचा. मग पाऊस लागला, गुडघा दुखायला लागला, रोजचं जाणं एक दिवसाआड झालं, नंतर आठवड्यावर आलं. फोन मात्र रोज व्हायचा. काय केलंस, काय खाल्लंस, गोळी घेतली का. या प्रश्नांची उत्तरं दोघांनाही पाठ झाली होती. कधी कधी ती मध्येच थांबायची आणि काहीतरी सांगणार असं वाटायचं, पण तेवढ्यात सरांच्या दाराची बेल वाजायची किंवा परिषदेचा कुणीतरी फोनवर यायचा.

परिषदेचं काम वाढलं होतं. कायदा लागू पडत होता, हे सरांना नाकारता येत नव्हतं. भाडेसूचीत घरं येत होती. भाडी पहिल्यांदाच खाली आली होती. सत्काराला बोलावलं की सर जायचे. घरी कोण कोण असतं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आम्ही दोघं."

दीड वर्षानं, थंडी सरत आली असताना, ओजसचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"बाबा, आई रात्री कुठं असते?"

"म्हणजे?"

"महापालिकेचा मेसेज आलाय मला. नोंदवलेली व्यक्ती वाघोलीत झोपत नाही, दुसरंच कुणीतरी झोपतं. बरेच दिवस. खुलासा केला नाही तर घर सूचीत जाईल. आईनं कुणाला ठेवलंय का तिथं? कामवालीला वगैरे?"

असं घडत होतं हे खरं. काही मालक पैसे देऊन माणसं झोपायला ठेवायचे आणि पकडले जायचे. पण हेमांगीनं असं काही करावं हे सरांना पटेना. आणि पटेना म्हणता म्हणता त्यांच्या मनात शंका आली. ती तिथं नसते तर कुठं असते? अलीकडे फोनवर तिचा आवाज लांबून आल्यासारखा यायचा. मागच्या रविवारी तिनं "आज येऊ नका, बाग आवरायचीय सगळ्यांना" असं सांगितलं होतं. त्याच्या मागच्या रविवारी ते स्वतःच गेले नव्हते.

त्यांनी तिला फोन लावला. "तू रात्री घरी असतेस ना?"

"म्हणजे काय? कुठं जाणार?"

"महापालिका म्हणते तिथं तू झोपत नाहीस."

"मग महापालिकेला सांगा, मी इथंच मरतेय म्हणून."

"हेमा, सरळ सांग. यंत्र खोटं बोलत नाही. ते कसं चालतं मला माहीत आहे."

मग ती म्हणाली, "बरं," आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर तीन दिवस तिनं फोन उचलला नाही. सरांनीही तिकडे जायचं टाळलं. आधी कागदोपत्री काय ते बघू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

विभागीय कार्यालयातली अधिकारी तरुण होती. तिनं सरांना ओळखलं. कॉलेजात असताना त्यांचं भाषण ऐकलं होतं म्हणाली आणि चहा मागवला. हेमांगीनं मागेच, नोंदणीच्या वेळी, सरांच्या नावानं संमती दिली होती, त्यामुळे आलेख दाखवायला हरकत नव्हती.

"हे बघा सर. नोंदवलेल्या श्वासाशी रोजचा श्वास किती जुळतो, तेवढंच यात असतं. या रेषेच्या खाली गेलं की यंत्र सांगतं, हा माणूस वेगळा."

सरांनी चष्मा लावला. पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक रेष जात होती. सुरुवातीला ती वर होती, सपाट. मग कुठेतरी पावसाळ्याच्या शेवटी ती जराशी वाकली. तिथून ती हळूहळू उतरत आली होती. कुठे पायरी नाही, कुठे तुटलेली नाही. उतरत उतरत ती मागच्या महिन्यात त्या सीमारेषेच्या खाली गेली होती.

"दुसरं कुणी झोपायला आलं असतं," सर म्हणाले, "तर ही एका रात्रीत खाली पडली असती."

"हो, तशीच पडते. माणसं बदलली की कड्यावरून पडल्यासारखी."

"ही पडलेली नाही."

"नाही." अधिकारी बाईही आता पडद्याकडे वाकून बघत होती. "ही उतरलीय."

सरांनी हातातला कप खाली ठेवला. तिथे रोज रात्री एकच बाई झोपत होती. पहिल्या रात्रीपासून आजपर्यंत तीच. पण तिच्या आत काहीतरी बदलत चाललं होतं, इतकं की शेवटी यंत्राला ती परकी वाटायला लागली होती.

"यात काय वाढत गेलंय? कुठला वायू?"

"ते नाही सांगता येत, सर."

"तुम्हाला नसेल येत. पण आत कुठंतरी नोंद असेल."

"नोंदच होत नाही." ती अवघडून म्हणाली. "चकती तशीच बनवलीय. आजार कळू नये म्हणून. कोर्टात मागणी झाली होती ना..."

"माहीत आहे," सर म्हणाले. "मीच साक्ष दिली होती."

त्यांनी तिथूनच टॅक्सी केली. रस्ताभर ते फोन लावत होते. शेवटी तो कुंजीरबाईंनी उचलला. "या तुम्ही," एवढंच त्या म्हणाल्या.

दार कुंजीरबाईंनीच उघडलं. हेमांगी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता आणि डोळ्यांखाली फुगवटे आले होते. पावलं इतकी सुजली होती की चपला बाजूला पडून होत्या आणि पायांत ओजसचे जुने मोजे होते. सर जवळ गेले. ती काहीतरी बोलली आणि तिच्या श्वासाबरोबर तो वास त्यांच्यापर्यंत आला. प्रयोगशाळेत त्यांनी तो वास आयुष्यभर हुंगला होता. बाटलीचं बूच नीट लागलं नाही की खोलीभर पसरायचा. अमोनिया. त्याच्या खाली दुसरा, शिळ्या मासळीसारखा.

"भांडायला आलात का?" तिनं विचारलं.

सर तिच्याजवळ पलंगावर बसले.

"मी म्हणत होते हो, दवाखान्यात चला," कुंजीरबाई म्हणाल्या. "तर म्हणायच्या, वयानं होतं. इथं काय, सगळ्यांचेच पाय सुजलेले."

हॉस्पिटलात दुपारपर्यंत तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती. रक्तदाब कितीतरी महिने चढलेला असणार, तिनं गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. आता डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, आणि तेही शरीर जितकं साथ देईल तितकंच. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. ते म्हणाले, "सहा-आठ महिन्यांपूर्वी आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं. तोंडाला असा वास येत होता, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आम्ही एका घरात राहत नाही," सर म्हणाले.

डॉक्टरांनी नजर खाली घेतली. "सॉरी. मला माहीत नव्हतं." त्यांचा काय समज झाला हे सरांना कळलं. त्यांनी तो दुरुस्त केला नाही. दुरुस्त करून जे सांगावं लागलं असतं ते जास्त लाजिरवाणं होतं.

पहिलं डायलिसिस झाल्यावर हेमांगीला जरा हुशारी आली. दुपारची वेळ होती, पलीकडच्या खाटेवरचा माणूस घोरत होता. सर स्टुलावर बसून तिच्या हातावरून हात फिरवत होते.

"मला सांगायचं नाहीस का?" ते म्हणाले.

"काय सांगणार? तुम्ही म्हणाला असता, परत ये. मग ओजसचं आणि तुमचं वाजलं असतं."

"वाजलं असतं तर वाजलं असतं."

ती हसली. तिला हसताना दम लागला. "अहो, तेव्हाही तेच करता आलं असतं. मी मेथी निवडत होते आणि वाट बघत होते. तुम्ही एकदा तरी म्हणाल, जाऊ नकोस. एकदाच म्हणाला असता तरी मी गेलेच असते कदाचित. पण तुम्ही गाद्यांचं विचारलंत."

सरांनी मान खाली घातली. पण तिनं हात काढून घेतला नाही.

ओजस फोनवर रडला. खरंच रडला. आईशी तासभर बोलला, डॉक्टरांशी बोलला, सगळा खर्च मी करतो म्हणाला. चार दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला तेव्हा सर औषधाच्या दुकानासमोर उभे होते.

"बाबा, आईला वारज्यालाच आणा. डायलिसिसचं सेंटरही जवळ आहे. चोवीस तासांची नर्स बघितलीय मी, चांगली आहे. आईची काळजीच नको."

"आणतोच आहे."

"हं. आणि बाबा... मी खुलासा पाठवलाय महापालिकेला. ते नवीन श्वास नोंदवायला तयार आहेत. म्हणजे नर्स रात्री आईपाशी असेलच. तर तुम्ही फक्त रात्रीपुरतं वाघोलीला..."

रस्त्यावरून एक टेंपो हॉर्न वाजवत गेला.

"बाबा? फक्त सहा महिने. गिऱ्हाईक आलंय एक."

"नाही," सर म्हणाले.

"नीट ऐका तरी..."

"ऐकलं. नाही म्हणतोय मी, ओजस. हे मी दीड वर्षापूर्वी म्हणायला हवं होतं. ते घर सूचीत जाऊ दे."

"मग हे सगळं मी कुणासाठी केलं?" ओजसचा आवाज फुटला.

"ते तू ठरव," सर म्हणाले. आपण मुलाशी असं बोलू शकतो हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळलं, आणि त्याचा त्यांना जराही आनंद झाला नाही. त्यानंतर ओजसचे फोन आईला यायचे. सरांना नाही.

घर सूचीत गेलं. दोन आठवड्यांत भाडेकरूही ठरला. नियम असा होता की यंत्रातला जुना श्वास पुसायला जुन्या राहणाऱ्या माणसानं स्वतः अंगठा लावायचा. आजारी असल्याचं कळवलं तर अधिकारी घरी येऊन अंगठा घ्यायला तयार होते. पण हेमांगी म्हणाली, "नाही, मला जायचंय. माझं घर आहे ते, मीच देणार."

भाडेकरू रुबीना मुलाणी म्हणून होती, ससूनमध्ये लॅब टेक्निशियन. तिच्याबरोबर तिची म्हातारी सासू होती आणि दहावीतली मुलगी. आजवर ती कोंढव्यात एका खोलीत राहत होती. दुसऱ्या भागात घर बघायला गेलं की आधी लोक कौतुकानं बोलायचे आणि आडनाव सांगितल्यावर घर दुसऱ्याला दिलंय असं कळवायचे. सूचीत आडनावाला अर्थ नव्हता, नुसता नंबर होता. दीड वर्ष तिचा नंबर लागत नव्हता. "घरं होती, पण सगळी राहती निघायची," ती म्हणाली.

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मागे हेमांगी खुर्चीत बसून रुबीनाला घर समजावून सांगत होती.

"या खिडकीतून उन्हाळ्यात दुपारी फार ऊन येतं, तेवढा जाड पडदा लावा. मी लावलेला ठेवून जातेय, बघा, मापाचा आहे. बाथरूमचा नळ जोरात फिरवू नका. रात्री खाली पंप चालू होतो, त्याचा आवाज येतो. सुरुवातीला झोप येत नाही, भीती वाटते. मला तर पहिले दोन-तीन महिने वाटायची. मी दिवा लावून बसायची. मग होते सवय. शेजारी कुंजीरबाई आहेत, त्यांना रोज संध्याकाळी हाक मारत जा. त्यांना पडल्यावर एकटीला उठता येत नाही."

हे सगळं सर पहिल्यांदा ऐकत होते. पंपाबद्दल, भीतीबद्दल, मापानं शिवलेल्या पडद्याबद्दल. रोज रात्री फोनवर त्यांनी तिला विचारलं होतं, झोप लागते ना? आणि ती रोज म्हणायची, लागते.

मग हेमांगीनं यंत्रावर अंगठा लावला. महापालिकेतून आलेल्या अधिकारी बाईनं तिचा हात हलकेच धरला होता. डबीवरचा हिरवा दिवा विझला. रुबीनाची सासू "बैठो, चाय पी के जाओ" म्हणत होती, पण अजून शेगडीच आली नव्हती, तेव्हा सगळेच थोडं हसले.

बाहेर मजल्यावरच्या घरांची दारं उघडी होती. प्रत्येक दारात एकेक माणूस उभं होतं. कुंजीरबाईंनी हेमांगीला मिठी मारली आणि सोडायला तयार होईनात. त्यांच्या पलीकडचे एक आजोबा सरांना म्हणाले, "तुम्ही सोडवलंत त्यांना. आमच्याकडे काही बोलता येत नाही." सरांना त्यांना सांगावंसं वाटलं, की सोडवलं नाही, उशीर झाला. ते नुसते नमस्कार करून पुढे झाले.

हेमांगी त्या घरी पुन्हा कधी गेली नाही. वारज्यात ती दिवाळीच्या आधीपर्यंत होती, आणि त्या सगळ्या महिन्यांत सर एकही रात्र तिच्यापासून दूर झोपले नाहीत. ओजस शेवटच्या आठवड्यात आला. तिघं एकदा बरोबर जेवले. कुणी वाघोलीचं नाव काढलं नाही.

पण घर दिलं त्या दिवशी, खाली उतरताना, लिफ्टमध्ये दोघंच होते. हेमांगीनं सरांच्या दंडाला धरलं होतं आणि सगळा भार त्यांच्यावर टाकला होता. तो भार फार कमी होता.

"ती पोरगी बघितलीत?" ती म्हणाली. "आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली. दार लावून घेतलं, परत उघडलं, परत लावलं. स्वतःची खोली मिळाली तिला."

"हो."

"मी ती खोली कधी वापरलीच नाही. दीड वर्षात तिथला दिवासुद्धा लावला नाही मी. काय करायची होती मला एकटीला?"

लिफ्ट खाली येऊन थांबली. दार उघडलं, आणि तिला बाहेर पाऊल टाकायला बराच वेळ लागला. सर दार हातानं अडवून उभे राहिले.